आत्याच्या मागं म्हणणारं पेडल

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगून टाकते. "तिला त्यातलं काही कळत नाही, कुणीतरी डबडं गळ्यात मारलं," असं हळदी-लग्नांत वाजवणाऱ्या आमच्या बेंजो पार्टीत जो कोणी बोलत फिरतोय, तो साफ खोटं बोलतोय. मी तीन डिले पेडलं वाजवून बघितली, कान देऊन ऐकली आणि त्यातलं सगळ्यात मळकं निवडलं. पूर्ण शुद्धीत निवडलं. उद्या परत निवडायची वेळ आली तरी तेच निवडीन. ज्याला त्रास होतोय त्याने कानात बोळे घालावेत.

पेडल म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. इलेक्ट्रिक गिटार आणि स्पीकर यांच्या मध्ये वायरीने जोडायची ही एक लोखंडी डबी. पायाने दाबून चालू-बंद करायची, म्हणून पेडल. डिले पेडल आपण वाजवलेला सूर क्षणभर धरून ठेवतं आणि मागून परत ऐकवतं. एकदा, दोनदा, बटण फिरवाल तितक्यांदा. डिजिटल असेल तर दर वेळी तोच सूर, तस्साच्या तस्सा, नुसता हळू होत जातो. ॲनालॉग असेल तर दर फेरीला थोडा मळतो, त्याची धार जाते, आणि शेवटी नुसती गुणगुण उरते. डिजिटल कानामागून आलं आणि तिखट झालं. आता मी ॲनालॉग म्हटलं की लोक असं बघतात, जणू मी लग्नाला बैलगाडी मागतेय.

मी भाईंदरच्या जुन्या आगरी घरातली. आजोबांपर्यंत सगळे पुरुष मिठागरात राबले, वडील नोकरीला लागले, आणि आता आमच्या जुन्या घराच्या जागी टॉवर आहे, त्यात आम्ही सगळे वेगवेगळ्या मजल्यांवर राहतो. पन्नाशीला टेकलेली बाई बेंजो पार्टीत गिटार वाजवते हे अजून काही जणांच्या पचनी पडत नाही. हळदीच्या मांडवात मी गिटार अडकवली की पाहुणे आधी माझ्या मागे बघतात, खरा गिटारवाला कुठे आहे म्हणून. बघा म्हणावं. मागे भिंत आहे.

आधी मी गायचेसुद्धा. थायरॉईडच्या ऑपरेशननंतर माझा आवाज गेला. म्हणजे बोलता येतं, पण फाटकं. सूर लावायला गेलं की कापड टराटरा फाटल्यासारखं येतं. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, असं होऊ शकतं, त्यांची काही चूक नाही. पण तेव्हापासून चारचौघांत मी एक ओळ गायली नाही. जे काही म्हणायचं ते गिटारीवर म्हणत आले.

आता आत्या. माझ्या वडिलांची थोरली बहीण. आमच्याकडे लग्नात भटजींच्या आधी धवलारीण लागते. ती धवले म्हणते, म्हणजे लग्नाची गाणी, आणि त्या गाण्यांतून देवांना, गावाला, घरातून गेलेल्या माणसांना हळदीचं आवतण देते. आत्या धवलारीण. तरुणपणी मिठाच्या टोपल्या वाहिल्या आणि उरलेल्या वेळात गावातली निम्मी लग्नं लावली, असं ती स्वतःच सांगते, आणि तिला खोटं पाडायला आता कुणी शिल्लक नाही.

धवला एकटीने म्हणायचा नसतो. आत्या ओळ टाकायची आणि मागे बसलेल्या बाया तीच ओळ उचलायच्या. सगळ्यात आधी माझी आई. आत्याची भावजय, पण मांडवात तिचा उजवा हात. आईचा आवाज आत्यापेक्षा खालचा, जरा जाड. आईच्या मागून दुसऱ्या बाया, त्यांच्या मागे म्हाताऱ्या, तोंडावर पदर, दात पडलेले, शब्द निम्मे गिळलेले. मी लहानपणी त्या म्हाताऱ्यांच्याही मागे, भिंतीला टेकून बसायचे. आत्याची खणखणीत ओळ माझ्यापर्यंत पोचेपर्यंत मळत मळत यायची, आणि मला ती तशीच आवडायची. पुढे कधीतरी पहिल्यांदा ॲनालॉग डिले ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर सरकन काटा आला. हे मी आधी ऐकलंय, असं वाटलं. कुठे, ते कळायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

आई गेली. मग एकेक करून मागच्या म्हाताऱ्या गेल्या. शेवटची एक शेजारीण होती, ती मुलाकडे राहायला गेली ती गेलीच. त्यानंतर आत्याने धवले बंद केले. कुणी आवतण द्यायला आलं की चहा पाजायची आणि परत पाठवायची.

आणि मग माझ्या भावाच्या मुलीचं लग्न ठरलं. आमच्या घरातलं आईनंतरचं पहिलं लग्न.

माझा भाऊ माझ्याहून लहान, पण कारभार सगळा त्याच्या हातात. लग्नासाठी वरसाव्याला घोडबंदर रोडवरचं मोठं लॉन, हळदीच्या संध्याकाळी डीजे, सगळं त्याने ठरवलं. सकाळची घरची हळद तेवढी टॉवरखालच्या पार्किंगमध्ये, मांडव घालून. मी विचारलं, "आणि धवले?"

"अगं ताई, आता कोण ऐकतं धवले? आणि हवेच असतील तर मोबाईलवर सगळे मिळतात, एकदम क्लियर. लावून देतो. उगाच शिळ्या कढीला ऊत कशाला?"

आत्या तिथेच पलंगावर बसली होती. ती म्हणाली, "तुझ्या मोबाईलमधल्या बाईला आमच्या घरची गेलेली मानसं ठावं हायत काय? ती कुनाला बोलवनार? तिच्या सासरच्यांना?"

भाऊ हसला. मी नाही हसले. मी आत्याला म्हटलं, "मग तू म्हण ना."

"मागं कोन हाय? भिंतीला धवलं म्हनू? एकटीनं म्हटलं तं ती नुसती हाक, पोरी. मागून कोनीतरी उचललं तं त्याचा आवतन होतंय. हाक मारून कोन येतंय हलदीला?"

नवरीच्या मैत्रिणींना शिकवायचा प्रयत्न झाला. त्या मोबाईलवर ओळी बघून म्हणायला लागल्या, मध्येच हसायला लागल्या, आणि आत्याने त्यांना "जा, पार्लरला जा" म्हणून हाकललं. वहिनी घाटावरची, तिला धवले येत नाहीत, आणि येत नाही ते येत नाही म्हणून सांगण्याइतकी ती सरळ आहे. राहिले मी. मला सगळे धवले पाठ. शब्द न् शब्द. आणि गळा असा.

त्या रात्री मला राग आला. कुणावर म्हणाल तर सगळ्यांवर. भावावर, त्याच्या क्लियर मोबाईलवर, मेलेल्या म्हाताऱ्यांवर, माझ्या गळ्यावर. सकाळी उठून आत्याला जाऊन सांगितलं, "तू म्हणायचं. मागून मी उचलते, गिटारीवर. आणि माझ्या मागे अख्खी रांग उभी करते."

"रांग कुठनं आननार?"

"ते माझ्यावर सोड."

"बघ हां," आत्या म्हणाली. "मना पटलं तं म्हनेन. न्हाय पटलं तं मांडवातनं उठून जाईन, सगल्यांसमोर."

ती धमकी नव्हती. आत्या याआधी एका मांडवातून उठून गेलेली आहे, आणि ते लग्न धवल्यांशिवाय लागलं म्हणून अजून त्या घरातली माणसं एकमेकांना दोष देतात.

पहिलं पेडल आमच्या पार्टीतल्या कीबोर्डवाल्याचं. डिजिटल, नवं कोरं, त्यावर इतकी बटणं की विमान उडवता येईल. त्याने प्रेमाने दिलं, हे मान्य करायला हवं. "यात सगळं आहे," म्हणाला, "तुला अजून काय पाहिजे?" मी ते आत्याच्या खोलीत लावलं. आत्याने ओळ टाकली. मी ओळीचा शेवट गिटारीवर उचलला, आणि पेडलने तो परत म्हटला. परत म्हटला. परत म्हटला. सगळं काचेसारखं स्वच्छ.

आत्या पुढची ओळ म्हणेना. बसून राहिली. मी मान हलवून खुणावलं, चल. ती हातानेच मला थांब म्हणाली. मग कळलं. आमच्या बायांची रीत आहे, दुसरीच्या तोंडातला शब्द संपल्याशिवाय आपला शब्द तिच्यावर टाकायचा नाही. एवढ्या वर्षांत आत्याने कुणाच्या ओळीवर ओळ टाकली नव्हती. ती त्या डबीचं बोलणं संपायची वाट बघत होती, मान जरा कलती करून, पाहुणीचं ऐकावं तशी. आणि डबी काही गप्प होईना. मी घाईघाईत बटण उलटं फिरवलं, तर ती आणखीच बोलायला लागली. एकच ओळ, तीच, तीच, तीच.

आत्याच्या नाकपुड्या फुगल्या. "ही तुझी बाई गप व्हईत न्हाय," ती म्हणाली. "आनि येक सांग. ही मना येडावतंय काय?"

मी हसून हसून पडायची बाकी होते, पण आत्याचा मुद्दा सोळा आणे खरा होता. आपण बोललेलं कुणी आपल्याच सुरात, आपल्याच थाटात, तस्संच्या तस्सं परत म्हणून दाखवलं तर त्याला आपण काय म्हणतो? वेडावणं. लहान पोरं भांडताना करतात ते. मागची बाई पुढचीची ओळ उचलते तेव्हा ती तिची स्वतःची होऊन जाते, जरा जाड, जरा खाली, जरा थकलेली. म्हणून ते उत्तर. मी कीबोर्डवाल्याचं पेडल पुसून परत दिलं. काय झालं ते सांगितलं, तर म्हणाला, "म्हातारीला टेक्नॉलॉजी कळत नाही." म्हटलं, तुला म्हातारी कळत नाही. तिथून आमचं बोलणं जरा बेताचंच आहे.

दुसरं पेडल केबिन रोडवरच्या दुकानात. दुकान तसं हार्मोनियम, तबले आणि भजनी मंडळांच्या माइकचं, पण मागे काचेच्या कपाटात गिटारीचं सामान ठेवतात. मालक चष्म्याच्या वरून बघत म्हणाला, "बेटे के लिए चाहिए, मॅडम?"

"नहीं," मी म्हटलं, "मेरी बुआ के लिए."

त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. मग मी तिथलीच एक गिटार उचलून जोडली तेव्हा जरा सरळ बसला. त्याच्याकडे ॲनालॉग होतं एक, मोठ्या कंपनीचं. वाजवलं. वाईट नव्हतं, खोटं कशाला बोलू. पण त्यातून येणारा प्रत्येक सूर किंचित डुलत होता, चमकत होता. मळायच्या ऐवजी नटत होता. मी मालकाला विचारलं, "ये साफ क्यों आ रहा है इतना?" तो खूश होऊन म्हणाला, "यही तो बात है! ॲनालॉग है, पर डिजिटल जैसा क्लीन." म्हटलं, म्हणजे धड हे नाही आणि धड ते नाही. ते मी मराठीत म्हटलं, पण त्याला कळलं असावं, कारण त्याने पेडल माझ्या हातातून काढून घेऊन कपाटात ठेवलं. जाताना मात्र त्यानेच सांगितलं, हाटकेशला एका गाळ्यात एक इंजिनियर स्वतः पेडल बनवतो, तिकडे बघा, तुमच्यासारखेच लोक जातात त्याच्याकडे. "तुमच्यासारखेच" म्हणजे कसले, ते मी विचारलं नाही. मी ते कौतुक समजून घेतलं.

हाटकेशचा गाळा शोधायला वेळ लागला. एका बाजूला स्टीलच्या भांड्यांना पॉलिश मारणारे, दुसऱ्या बाजूला पुठ्ठ्याचे खोके, आणि मध्ये हा. नोकरी सोडून पेडल बनवायला बसलेला, पस्तिशीचा, दाढीवाला, बोलायला लागला की थांबत नाही. पॉलिशच्या मशीनचा आवाज इतका, की तो ओरडून बोलत होता आणि मी माझ्या फाटक्या आवाजात ओरडून उत्तर देत होते. ऑपरेशननंतर पहिल्यांदा कुणी माझ्या आवाजाकडे वळून बघितलं नाही, कारण तिथे सगळ्यांचेच आवाज फाटलेले.

त्याने त्याचं नवं पेडल दाखवलं आणि आत काय होतं ते हिंदीत समजावलं. आतल्या चिपमध्ये बादल्यांची रांग असते, म्हणाला. सूर पहिल्या बादलीतून दुसरीत ओततात, दुसरीतून तिसरीत, आणि ओतताना दर वेळी थोडा सांडतो. म्हणून मळतो. आणि ती सांडलवंड कमी करायला त्याने किती खटपट केली ते सांगायला लागला. मी ऐकत होते, पण डोळ्यांसमोर मिठागर होतं. बाया रांगेत उभ्या राहून मिठाच्या टोपल्या हातोहात होडीपर्यंत पोचवायच्या, आणि जिथे रांग उभी असायची तिथे खाली पांढरी रेघ पडायची, सांडलेल्या मिठाची. आत्या त्या रांगेत असायची. आईसुद्धा.

"वो पुरानावाला क्या है?" मी विचारलं. वरच्या फळीवर एक पेडल पडलं होतं, रंग न दिलेलं, नुसता पत्रा.

"वो मत लो, आंटी. पहला बनाया था. बहुत डार्क है. तीसरे रिपीट के बाद तो कुछ समझ ही नहीं आता."

"आंटी मत बोल, और वो नीचे उतार."

उतरवलं. जोडलं. मी आत्याच्या ओळीचा शेवट वाजवला. पहिलं उत्तर आलं ते जरा खालचं, जाड. दुसरं पदराआडून आल्यासारखं. तिसऱ्यात शब्द गिळलेले, म्हणजे गिटारीत शब्द नसतातच, पण असते तर गिळलेले असते. आणि मग गुणगुण, आणि मग काही नाही. संपलं. आपलं आपण गप्प झालं. मी परत वाजवलं. परत. पॉलिशवाल्यांपैकी एकजण दारात येऊन उभा राहिला. मला भिंतीला टेकून बसावंसं वाटलं, पण तिथे बसायला जागा नव्हती.

"हेच," मी म्हटलं.

तो बिचारा ऐकेना. हे सदोष आहे, माझं नाव खराब होईल, नवं घ्या, वाटल्यास महिनाभर वापरून बघा. मी म्हटलं, तुझं नाव मी कुणाला सांगणारच नाही, झालं? शेवटी त्याने हात टेकले. निघताना विचारलं, "पर आपको खराब साउंड क्यों चाहिए?" मी म्हटलं, खराब तुझ्या कानाला. माझ्या घरात असंच बोलायचे.

तालीम आत्याच्या खोलीत. तिने ओळ टाकली, मी उचलली, पेडलने मागे नेली. आत्या वाट बघत बसली, गुणगुण विरेपर्यंत. विरली. तिने पुढची ओळ टाकली. बस्स. एवढंच. दोन-तीन धवले झाल्यावर म्हणाली, "मागचीचा दात पडलाय वाटतं," आणि हसली. मी उत्तर आत्याच्या एका श्वासात मावेल इतकं बटण फिरवलं, आणि मांडवात धक्का लागून हललं तरी जागा सापडावी म्हणून आत्याने स्वतःच्या कपाळावरची टिकली काढून पेडलच्या पत्र्यावर चिकटवली, बटणाच्या टोकासमोर. अजून आहे ती.

एक भाग मात्र तिने तालमीत म्हटला नाही, गेलेल्या माणसांच्या आवतणाचा. त्यात घरातून गेलेल्यांची नावं घेतात, एकेक करून. मी म्हटलं, तो पण करून बघू. ती खेकसली, "खुलं झालंस काय? मानसाला फुकट बोलवायचा आनि मंग सांगायचा, आज न्हाय, परवा या?" बरोबरच होतं. गेलेल्यांना तालमीला बोलवत नाहीत.

भावाला हे सगळं कळलं तेव्हा तो वर आला. "ताई, लोक हसतील. धवल्याला गिटार? आणि ते पण असलं कुंईकुंई करणारं?" मी म्हटलं, हसू देत, लग्नच आहे, मयत नाही. तो म्हणाला, निदान साउंडवाल्याकडून चांगला इको घेऊ. मी म्हटलं, इको घे तुझ्या डीजेला. तो म्हणाला, तू नेहमी अशीच वाकड्यात शिरतेस. म्हटलं, सरळ रस्त्यावर तुम्ही सगळ्यांनी गाड्या लावून ठेवल्यात, मी काय करू? तो पाय आपटत खाली गेला. तरी हळदीच्या दिवशी सकाळी पार्किंगमध्ये मी पोचले तेव्हा मांडवाच्या खांबापर्यंत विजेची वायर ओढलेली होती, आणि ती कुणी ओढली ते मला कुणी सांगितलं नाही.

मांडवात उंबराची फांदी बांधली होती. नवरी पाटावर. बाया खुर्च्यांवर, पोरी मोबाईल घेऊन. आत्या सतरंजीवर बसली, नऊवारी, केसात अबोली. मी तिच्या मागे स्टूलवर, पायाखाली पेडल. आत्याने उजव्या बाजूला वीतभर जागा सोडली होती. मला वाटलं, गुडघ्यासाठी सोडली असेल.

पहिली ओळ गणपतीची. मी उचलली. मागची रांग बोलली, मळली, विरली. आत्या थांबली, मग पुढची. कुणीतरी हसलं, तसं वहिनीने मागे वळून असं बघितलं की ते हसू तिथेच जिरलं. तिसऱ्या-चौथ्या ओळीला बाया गप्प झाल्या. मोबाईल खाली आले. एक म्हातारी, नवरदेवाकडची, डोळे मिटून डोलायला लागली. मी मनात म्हटलं, घ्या. कोण म्हणत होतं कुंईकुंई?

मग गेलेल्यांचं आवतण. आजोबांचं नाव आलं, मी उचललं. आजीचं आलं. काकांचं आलं. वडिलांचं आलं, तेही वाजवलं. आणि मग आत्याने ओळ टाकली, "मिठाच्या वाटंनी ये गो, हलदीला ये," आणि त्या ओळीत नाव आईचं होतं.

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आई गेल्यावर घरातलं पहिलं लग्न हे, म्हणजे तिचं नाव त्या ओळीत पहिल्यांदा येणार होतं. आजवर सगळ्यांच्या आवतणाला पहिलं उत्तर आईचं. आणि आता आवतण तिलाच.

मी वाजवलं. हात शिकलेले असतात, ते वाजवतात. पेडलने ते मागे नेलं, जाड झालं, पदराआड गेलं, गुणगुणलं, संपलं.

आत्या पुढची ओळ म्हणेना.

मी बघितलं, पेडल गप्प होतं. खरंच गप्प होतं. आत्या तरी थांबलेली. मान कलती, डोळे उजव्या बाजूच्या त्या वीतभर जागेवर. आई तिथे बसायची. मागे आचाऱ्याची कढई तेवढी वाजत होती. मला कळलं की ती आता उठणार. बाकी सगळ्यांना गिटारीचं उत्तर चाललं होतं, या नावाला शब्द पाहिजे होता, आणि तो शब्द माझ्या फाटक्या गळ्यात अडकला होता. आत्याने एक हात जमिनीला टेकला, उठायला टेकतात तसा.

"ये गो आये," मागून कुणीतरी म्हणालं, "हलदीला ये."

पुरुषाचा आवाज. धवल्यात पुरुष म्हणत नाहीत. आईचं नाव लेकाने घ्यायचं नसतं, म्हणून नावाच्या जागी "आये". मी वळून बघितलं. माझा भाऊ खांबाशी उभा होता, हातात नारळांची पिशवी. एरवी आम्ही कुणी "हाय", "न्हाय" म्हटलं की "नीट बोला" म्हणून टोकणारा माझा भाऊ. सूर नव्हता त्याला, कधीच नव्हता. चेहरा लाल झाला होता, पण मान खाली घातली नव्हती.

आणि मग त्याच्या मागून मी म्हटलं. ठरवून नाही. रांगेत पुढच्याने टोपली दिली की आपण हात पुढे करतोच. "ये गो आये, हलदीला ये." माझा आवाज जसा आहे तसा निघाला, फाटका, मळका, अर्धे शब्द गिळलेला, सगळ्या पाहुण्यांसमोर. ऐकू दे. पाटावरून नवरीने उचललं, आज्जीला हाक मारत, हळदीने माखलेल्या तोंडाने. मग वहिनीने, तिला ओळ येत नव्हती तरी. मग नुसती गुणगुण.

आत्या सगळं संपेपर्यंत थांबली. कुणाच्याही शब्दावर शब्द टाकला नाही. मग जमिनीवरचा हात उचलून मांडीवर घेतला आणि भावाकडे बघून म्हणाली, "सूर न्हाय, ताल न्हाय." आणि मग त्या वीतभर जागेवर हात फिरवून, साधंच म्हणाली, "पन आयली ती. चला पुढं."

माझे हात मोकळे नव्हते, म्हणून भरलेले डोळे तसेच राहू दिले आणि पुढच्या ओळीसाठी पेडल दाबलं.